प्रार्थनेत सुचलेलं: आपलं की वरून आलेलं?

उंबरठा

प्रश्न सरळच विचारते. जप चालू असताना, प्रार्थनेला बसल्यावर किंवा नुसतं डोळे मिटून स्वस्थ बसलं असताना एखादी गोष्ट लख्ख मनात येते. हे काम सोड. त्या माणसाची माफी माग. ही जबाबदारी घे. ही ईश्वरी प्रेरणा, आपलीच दाबून ठेवलेली इच्छा, की आदल्या रात्रीच्या जागरणाची करामत, हे ओळखायचं कसं? 'मनाला विचार' आणि 'श्रद्धा ठेव' ही दोन उत्तरं सोडून काहीही चालेल. ज्यांनी ज्या परंपरेचा अभ्यास केलाय त्यांनी तिथली प्रत्यक्ष रीत सांगावी: काय करायचं, किती वेळ, कुठे फसगत होते. देव आहे की नाही हा वाद कृपया या धाग्यावर नको.

तिसराप्रहर

रीतच हवी असेल तर इग्नेशियस लोयोलापासून (१४९१-१५५६, जेझुइट या कॅथलिक साधुसंघाचा संस्थापक) सुरुवात करू. मूळचा हा शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणात काढावे लागले. पडल्या पडल्या तो दोन प्रकारचे मनोरे रचायचा. एकात एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी संपादन करायची, पराक्रम गाजवायचे. दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जायचं. रंगवताना दोन्हीत मजा सारखीच. पण पहिलं संपलं की मन कोरडं आणि चिडचिडं होई, दुसरं संपल्यावरही समाधान टिकून राही. हा फरक ध्यानात यायला त्याला बराच वेळ लागला, पण पुढचे सगळे नियम तिथूनच निघाले. अनुभव चालू असताना किती गोड वाटलं याला महत्त्व नाही, नंतर जिभेवर कुठली चव राहिली ते बघायचं.

त्याच्या साधनाग्रंथाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात प्रेरणा पारखण्याच्या नियमांचे दोन संच आहेत, एक १४ चा, एक ८ चा. सगळे देत बसत नाही. ज्यावाचून अडतं ते सांगतो.

मन उजाड, कोरडं, निराश असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. नवा निर्णय कितीही योग्य वाटला तरी नाही. उलट अशा दिवशी प्रार्थनेचा ठरलेला तास असेल तर त्याहून थोडं जास्तच बसायचं, कारण त्या घटकेला 'ऊठ आता' म्हणणारा सल्लागार आपला हितचिंतक नसतो.

दुसरं, स्पंज आणि दगड. ज्याचं जगणं बऱ्यापैकी मार्गावर आहे त्याच्याकडे चांगली प्रेरणा स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तशी येते. वाईट प्रेरणा दगडावर पाणी आदळावं तशी आवाज करत येते. जो घसरणीला लागलाय त्याच्या बाबतीत नेमकं उलट. त्याला चांगली प्रेरणा टोचते आणि वाईट गोड लागते. म्हणून 'मला शांत वाटलं, अर्थात ते देवाचंच' हे सूत्र अर्धं आहे. आपण सध्या कुठल्या दिशेने चाललोय ते आधी बघावं लागतं.

तिसरं, विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट असं तिन्ही तपासायचं. सुरुवात शंभर नंबरी असू शकते: दान, उपवास, सेवा. मध्ये हळूच 'माझ्याशिवाय हे करणार कोण' शिरतं. शेवटी घरच्यांशी अबोला, सगळ्यांवर राग आणि प्रार्थना बंद. शेवटी सापाची शेपटी दिसली की उलट्या पावली मागे जाऊन वळण कुठे लागलं ते शोधायचं. पुढच्या वेळी त्याच वळणावर सावध होता येतं.

आणि एक नियम, जो फार कमी लोक वाचतात आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. समजा अनुभव खरोखरच वरून आला. तो ओसरल्यावरही मन तापलेलं असतं. त्या उबेत आपण योजना आखतो, शब्द देतो, तारखा ठरवतो. इग्नेशियस सांगतो, हा नंतरचा काळ वेगळा धरा. घंटेचा टोला वेगळा आणि मागाहून राहणारा घुमारा वेगळा. (उपमा माझी, नियम त्याचा.) घुमाऱ्यात सुचलेल्या गोष्टीत आपल्या सवयी आणि मतं मिसळलेली असू शकतात. ती स्वतंत्रपणे पारखल्याशिवाय अमलात आणायची नाही.

आडवाट

टोला-घुमाऱ्याला +१. पण 'नंतर समाधान टिकलं' ही कसोटीही लबाडी करते. हवं ते मिळणार असं दिसल्यावर कोणाला समाधान वाटत नाही?

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत शकुंतलेला बघतो, मन जडतं, आणि लगेच सिद्धान्त तयार: सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः। जिथे संशय आहे तिथे सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण. लोक हे सुभाषित म्हणून तोंडावर फेकतात. नाटकात मात्र ते एका राजाने स्वतःला हव्या असलेल्या गोष्टीसाठी स्वतःच लिहून घेतलेलं प्रमाणपत्र आहे. ती आपल्यासारख्या क्षत्रियाने वरण्याजोगी आहे हा त्याचा अंदाज पुढे खरा निघतो, मान्य. पण तो 'सतां' या अटीमुळे खरा निघाला की कवीच्या कृपेने? आणि उद्धृत करताना नेमका 'सतां' हाच शब्द गळतो.

मनुस्मृतीत (२.६) धर्माची मुळं सांगितली आहेत: वेद, जाणत्यांची स्मृती आणि शील, साधूंचा आचार, आणि मग आत्मतुष्टी. आतल्या समाधानाचा नंबर शेवटचा. त्या ग्रंथाशी माझं बाकी सतराशे साठ बाबतीत भांडण आहे, हा क्रम मात्र बरोबर लावलाय.

निळावंती

मग तुकोबांचं काय? 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' तिथे तर सरळ मनालाच विचारलंय.

आडवाट

ग्वाही म्हणजे साक्षीदार. न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी होते.

शिवाय त्याच अभंगात पुढचंच चरण स्वप्नाचं आहे: 'मानियेला स्वप्नी गुरूचा उपदेश, धरिला विश्वास दृढ नामी.' तुकोबांनी स्वप्न मानलं, पण त्यातून घेतलं काय, ते बघा. रामकृष्णहरी हा मंत्र, आणि नामावरचा विश्वास पक्का. स्वप्नाने त्यांना मोठेपण दिलं नाही, नवा पंथ काढायला सांगितलं नाही, कोणाची मालमत्ता मागितली नाही. आपल्याकडे 'दृष्टान्त झाला' म्हणतात तेव्हा त्यानंतरचं वाक्य ऐकावं. बहुतेक वेळा त्यात दुसऱ्याने काय करायचं ते असतं.

तिसराप्रहर

उलटतपासणी हा शब्द आवडला. इग्नेशियस स्वतःच्या गोड अनुभवांनाही पिंजऱ्यात उभं करतो. स्पेनमधल्या मान्रेसा गावी (१५२२) त्याला हवेत काहीतरी फार सुंदर दिसे, सापासारखा आकार आणि त्यावर डोळ्यांसारखं चमकणारं बरंच काही. बघताना बरं वाटे, नाहीसं झालं की वाईट. ते फसवं आहे असं त्याने पुढे ठरवलं आणि झटकून टाकलं.

दुसरं उदाहरण मला जास्त कामाचं वाटतं, कारण त्यात चमत्कार काहीच नाही. तिशी उलटल्यावर हा गृहस्थ बार्सिलोनात लॅटिन व्याकरण शिकायला बसला. पाठांतर सुरू केलं की आध्यात्मिक गोष्टींचे नवे नवे अर्थ सुचायला लागत, इतके की पाठ काही होईना. मग त्याने हिशोब मांडला: प्रार्थनेच्या वेळीसुद्धा इतकं सुचत नाही, मग अभ्यासाच्याच वेळी का? हे प्रलोभन आहे असं ठरवून तो शिक्षकांकडे गेला आणि दोन वर्षं एकही पाठ चुकवणार नाही असं वचन देऊन आला. सुचत होतं त्यात खोट नव्हती, वेळ मात्र संशयास्पद होती. ध्यानाला बसल्यावर ऑफिसचं काम आठवतं हे सगळ्यांना कळतं. कामाच्या वेळी ध्यान आठवलं तर मात्र आपण स्वतःला भाग्यवान समजतो.

मुसाफिर

इस्लाममध्ये यासाठी इस्तिखारा (निर्णयाआधी अल्लाहकडे भलं मागायची प्रार्थना) आहे आणि त्याबद्दल गैरसमज इतके की आधी तेच काढतो.

रीत: दोन रकात (नमाजाची आवर्तनं) नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, नमाज. सूर्योदय, माध्यान्ह आणि सूर्यास्त या मनाई असलेल्या वेळा टाळून. त्यानंतर इस्तिखाऱ्याची दुआ, आणि त्या दुआत आपलं काम नाव घेऊन सांगायचं. दुआचा आशय असा: तुला ठाऊक आहे, मला नाही, तुझ्या हाती सामर्थ्य आहे, माझ्या नाही. हे काम माझ्या धर्माच्या, उपजीविकेच्या आणि शेवटाच्या दृष्टीने चांगलं असेल तर ते माझ्या वाट्याला घाल आणि सोपं कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्याच्यापासून दूर कर. जिथे भलं असेल तिथे ते माझ्या वाट्याला घाल आणि मला त्यात राजी ठेव.

हजरत जाबिर यांनी सांगितलेल्या, बुखारीच्या संग्रहातल्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनाची नोंद) एवढंच आहे. स्वप्न पडेल असं त्यात नाही. हिरवा-पांढरा दिसला तर होकार, काळा-लाल दिसला तर नकार, हेही नाही. अमुक बाजूला तोंड करून झोपा, सात रात्री करा, हेही नाही. लोक स्वप्नाची वाट बघत बसतात आणि काम करायचं राहून जातं. इस्तिखाऱ्यानंतर पाऊल उचलायचं असतं. वाट मोकळी होत गेली तर पुढे जायचं, अडत गेली तर सोडायचं.

दोन बंधनं. फर्ज (बंधनकारक) गोष्टींसाठी इस्तिखारा नाही आणि हराम (निषिद्ध) गोष्टींसाठीही नाही. आईवडिलांची सेवा करू का, लाच घेऊ का, असे प्रश्न घेऊन बसायचं नाही. तो फक्त अशा दोन वाटांमध्ये आहे ज्या दोन्ही जायज, म्हणजे धर्माला मान्य, आहेत. आणि त्याच्या जोडीला मशवरा, म्हणजे जाणत्या माणसांचा सल्ला. पैसे घेऊन 'तुमच्यासाठी इस्तिखारा काढून देतो' म्हणणारे भेटतात. ज्याचं काम त्यानेच अल्लाहकडे मागायचं, ही त्या दुआची भाषाच सांगते. ती सगळी 'मी', 'माझं' अशी आहे.

तिसराप्रहर

हे बंधन इग्नेशियसकडेही जसंच्या तसं आहे. निवड फक्त चांगल्या किंवा निदान निर्दोष गोष्टींमध्ये. आणि ज्यातून मागे फिरता येत नाही अशी, आधीच दिलेली वचनं (लग्न, धर्मगुरूची दीक्षा) पुन्हा निवडीला घ्यायची नाहीत.

उंबरठा

छान चाललंय. आता रोजचं काय करायचं ते सांगा कोणीतरी. वही ठेवायची का? मोठे निर्णय वर्षातून एकदा येतात, सराव कशावर करायचा?

कोरापाना

सराव दिवसाच्या उजळणीवर. रात्री झोपण्याआधी, पण डोळे मिटायला लागण्याआधी, १५ मिनिटं. क्रम पाच पायऱ्यांचा: आज मिळालं त्याबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून मागणं, दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा एक ठराव. नवशिके सगळा वेळ चौथ्या पायरीवर घालवतात आणि आठवड्याभरात सोडून देतात, कारण रोज रात्री स्वतःचं आरोपपत्र वाचायला कोण बसेल? निम्मा वेळ तिसरीला द्या. तिथे फक्त दोन गोष्टी शोधायच्या: आज कुठल्या क्षणी मन मोकळं झालं, देवाकडे आणि माणसांकडे वळलं, आणि कुठल्या क्षणी आक्रसलं. कारण शोधायचं नाही, क्षण शोधायचा. महिनाभराने कारणं आपोआप दिसायला लागतात.

प्रार्थना आणि प्रार्थनेची तपासणी एकाच वेळी करायची नाही. हा दोष फार आढळतो. बसल्या बसल्या 'हे देवाचं की माझं' असं तोलत राहिलं की प्रार्थना संपली, परीक्षण सुरू झालं. तासभराची प्रार्थना असेल तर ती झाल्यावर उठावं, जागा बदलावी, फेऱ्या माराव्यात किंवा दुसरीकडे बसावं, आणि पाव तास नुसतं बघावं की काय झालं. वही तेव्हा उघडायची. मांडीवर वही घेऊन प्रार्थनेला बसलं की अर्धं लक्ष वाक्य सुबक होण्याकडे जातं.

वहीत काय: तारीख आणि वेळ. सुचलं ते शब्दशः, आपलं भाष्य न घालता. झोप किती झाली होती, पोट रिकामं होतं का, ताप, पाळी, भांडण, जे असेल ते. ते सुचण्याआधी दोन-तीन दिवस डोक्यात काय घोळत होतं. खाली सात-आठ ओळी कोऱ्या सोडा. ३० दिवसांनी त्या भरायच्या: काय झालं, आणि मधल्या काळात माणूस म्हणून मी जवळच्यांना सोपा झालो की अवघड.

वही ठेवायचं खरं कारण हे की आपली आठवण चुकलेले कौल गाळून टाकते. 'मला आतून जाणवलंच होतं' हे वाक्य नेहमी घटना घडल्यावर येतं. घडण्याआधी लिहिलेलं असेल तरच त्याला किंमत. आणि जे जाणवलं पण घडलं नाही, तेही तितक्याच ठसठशीत अक्षरात लिहायचं.

निळावंती

प्रत्यक्ष शब्द ऐकू आले तर?

स्पेनमधल्या क्रुसाच्या योहान या कॅथलिक संताने (१५४२-१५९१) अशा शब्दांचे तीन प्रकार केलेत. पहिले क्रमाने येणारे: मन एकाग्र असताना स्वतःच एकातून एक विचार जोडत जातं आणि इतकं सहज जोडतं की दुसरं कोणी बोलतंय असं वाटतं. दुसरे नेमके शब्द, जे आपण विचार करत नसतानाही येतात. तिसरे सारभूत: म्हटलं ते तिथल्या तिथे घडवणारे. 'भिऊ नकोस' असं आलं आणि भीती खरोखर गेली, तर ते तिसरं.

पहिल्या दोहोंबद्दल त्याचा सल्ला एकदम कोरडा आहे. त्यांना भाव देऊ नका, त्यावर विसंबून काही करू नका, जाणत्या माणसाला सांगा आणि मोकळे व्हा. तिसऱ्या प्रकारात तर करायचं काहीच उरत नाही, ते झालेलंच असतं. त्याचा युक्तिवाद मला फार पटतो: खरोखर देवाकडचं असेल तर त्याचा परिणाम होऊनच गेला, तुम्ही धरून बसलात म्हणून वाढत नाही. आणि देवाकडचं नसेल तर धरून बसल्याने नुकसान आहे. म्हणजे दोन्हीकडून सोडून देणंच फायद्याचं.

त्याची समकालीन आविलाची तेरेसा १५७७ च्या ग्रंथात खऱ्या शब्दांच्या तीन खुणा देते: त्यांत अधिकार असतो आणि ते बोललं ते करतात, मागे खोल शांतता राहते, आणि ते दीर्घकाळ स्मरणातून जात नाहीत. कल्पनेने रचलेले शब्द पुसट होत जातात, आपण ते आठवताना बदलतो. वहीतली जुनी नोंद आणि आजची आठवण ताडून बघायला ही सोय चांगली आहे.

अवांतर: 'दृष्टान्त' या शब्दाचा दुसरा अर्थ उदाहरण असा आहे. उदाहरण म्हणून घेतला तर दृष्टान्ताचं निम्मं विष उतरतं.

आडवाट

पतंजलींचं कोणी काढलं नाही म्हणून. योगसूत्र १.३० मध्ये नऊ अंतराय (साधनेतले अडथळे) दिलेत: व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रान्तिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. भ्रान्तिदर्शन, म्हणजे भलतंच दिसणं-समजणं, यादीत आहेच, पण मला लक्षणीय वाटते ती सुरुवात. यादी व्याधीने उघडते. आधी शरीर बघा. आणि पुढचं सूत्र या विक्षेपांसोबत काय येतं ते सांगतं: दुःख, दौर्मनस्य, अंग थरथरणं, श्वासाची गडबड. अंगात कापरं भरणं ही कित्येकांना देव आल्याची खूण वाटते. सूत्रकार ती विक्षेपाच्या खात्यात मांडतात.

जाईजुई

शरीरावरून. हे इथे लिहिलं जायलाच हवं.

झोप लागता लागता किंवा जाग येता येता आपलं नाव ऐकू येणं, कोणी हाक मारल्यासारखं वाटणं हे धडधाकट माणसांनाही होतं. जवळचं माणूस गेल्यावर त्याचा आवाज किंवा चाहूल जाणवणंही. त्यात आजार नाही, आणि संदेशही शोधू नये.

मात्र पुढच्यापैकी काही असेल तर प्रेरणा पारखत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा: आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो, औषध किंवा अन्नपाणी बंद करायला सांगतो, दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, विचार धावताहेत, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जाताहेत आणि आपल्यावर जगावेगळी कामगिरी सोपवली आहे अशी खात्री आहे, किंवा सगळीकडे, अगदी बातम्यांमध्येही, आपल्यासाठीच खुणा दिसताहेत. इजेचा आदेश असेल तर त्याच दिवशी जा, आणि तोवर त्या माणसाला एकटं ठेवू नका. घरच्यांनी 'हे देवाचं नाही' असा वाद घालू नये. त्याने माणूस लपवायला लागतो. 'झोप नाही, आधी झोपेचं बघू' हे दार बहुतेक वेळा उघडतं.

दुसरी गोष्ट इतकी दिसून येत नाही. प्रार्थना नीट झाली नाही म्हणून पुन्हा, मग पुन्हा. मनात अभद्र शब्द आला म्हणून माळ पहिल्या मण्यापासून. क्षमा मागितली पण मनापासून मागितली का, म्हणून परत. ही भक्तीची तीव्रता नव्हे, हा मंत्रचळ आहे, ओसीडीचा धार्मिक अवतार. इंग्रजीत त्याला जे नाव आहे (स्क्रुप्युलॉसिटी) ते लॅटिनमधल्या 'टोकदार खडा' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. वर ज्याचं इतकं कौतुक चाललंय तो इग्नेशियस मान्रेसात यानेच इतका गांजला होता की जीव द्यायचे विचार येत होते. अशा माणसाला वरची वही, उजळणी, तपासणी यातलं काहीही देऊ नका. त्याच्या हाती ते नवं कर्मकांड होतं. त्याला नियम एकच: प्रार्थना एकदा, जशी होईल तशी, दुरुस्ती नाही. आणि 'झाली ना नीट?' या प्रश्नाला दर वेळी 'हो' म्हणून धीर देऊ नका. तो धीर पाच मिनिटं टिकतो आणि प्रश्न दुप्पट होऊन परत येतो. यावर उपचार आहेत, आणि चांगले आहेत.

कोरापाना

जाईजुई, उजळणीबद्दलची ही अट मीच घालायला हवी होती. धन्यवाद.

समईवात

गांधीजींचा आतला आवाज? ८ मे १९३३ ला २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं ते आवाज ऐकूनच. नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं की संशयी माणसाने याला भ्रम म्हटलं तर खोडून काढायला माझ्यापाशी पुरावा नाही. ही कबुलीच मला खरेपणाची मोठी खूण वाटते. आणि दुसरी खूण अशी की आज्ञेचा खर्च पडला तो त्यांच्या स्वतःच्या शरीरावर.

आडवाट

१९३३ पुरतं ठीक. पण त्याच्या सुमारे साडेसात महिने आधी, २० सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात जे उपोषण सुरू झालं, तेही ईश्वराचं नाव घेऊनच होतं. त्याचा खर्च आंबेडकरांच्या (दलितांना स्वतंत्र मतदारसंघ या) मागणीवर पडला. २४ तारखेला पुणे करार झाला तो कुठल्या दडपणाखाली, हे आंबेडकरांनी नंतर पुरेसं स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे 'त्रास मीच सोसतोय' एवढ्याने खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते ठरत नाही. उपाशी माणूस एक असतो, अडकलेले अनेक.

समईवात

मान्य आहे. कसोटी सोडत नाही, पण 'शरीरावर' ऐवजी 'निर्णयाच्या स्वातंत्र्यावर' असं म्हणते. माझ्या प्रेरणेमुळे दुसऱ्याला नाही म्हणायची मोकळीक उरते का?

शेजार

मग क्वेकर मंडळींची रीत इथे बसते. १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला हा पंथ. प्रत्येकात ईश्वरी प्रकाश आहे असं मानणारा, म्हणून 'मला प्रेरणा झाली' म्हणणारे तिथे जास्त, आणि म्हणूनच ती चाळायची व्यवस्थाही पक्की. मुळात लग्न ठरवताना दोघांची वाट मोकळी आहे ना, हे बघायला समिती नेमत. पुढे ती कुठल्याही मोठ्या निर्णयाला वापरायला लागले.

ज्याचा प्रश्न आहे तो आधी दोन-तीन पानांत प्रश्न लिहून देतो. पाच-सहा जण, स्वभावाने वेगवेगळे, सगळे त्याचे मित्रच असे नको. सुरुवात शांततेने. मग दोन-तीन तास फक्त प्रश्न. सल्ला नाही, स्वतःचे अनुभव नाहीत, 'तुला नाही वाटत की...' असा सल्ला पोटात घेऊन आलेला प्रश्नही नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल तर तो प्रश्न बाद. दोन प्रश्नांच्या मध्ये थांबायचं. उत्तर द्यायची सक्ती नाही. तिथे बोललेलं बाहेर जात नाही, आणि नंतर त्या माणसाला गाठून 'मग काय ठरवलंस?' विचारायचं नाही.

बिघडतं कुठे? अर्ध्या तासाने कोणाला तरी राहवत नाही आणि तो तोडगा सांगतो. एकाने सांगितला की सगळे सांगतात. म्हणून एक जण केवळ हेच थांबवायला हवा.

उंबरठा

आणि दोन चांगल्या वाटांमध्ये मन अगदी समान असेल, सुचतच काही नसेल, तर? चिठ्ठ्या टाकाव्यात?

आडवाट

इग्नेशियसने एकदा खेचरावर सोपवलं होतं. मान्रेसाला जाण्याआधी वाटेत एका मुसलमान प्रवाशाने मरियमेबद्दल काही बोललेलं त्याला खटकलं. पाठलाग करून सुरा चालवावा की सोडून द्यावं, ठरेना. मग लगाम ढिला सोडला. खेचर त्या माणसाच्या वाटेने गेलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडायचं. खेचर हमरस्त्याने गेलं. म्हातारपणी आत्मकथन सांगताना त्याने हा प्रसंग लपवला नाही. तेव्हा आपल्याला पारख म्हणजे काय ते कळत नव्हतं, याचा नमुना म्हणून तो येतो. चिठ्ठीत वाईट काही नाही, पण चिठ्ठीत जे दोन पर्याय लिहितो ते आपणच लिहितो. त्यातला एक खुनाचा असू शकतो.

तिसराप्रहर

काहीच सुचत नसेल तर त्याच्यासाठी वेगळी रीत आहे, आणि ती बुद्धीची आहे. आधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायचं, निदान तसं व्हावं म्हणून मागायचं. ते न करता पुढे गेलात तर बाकी सगळं ठरलेल्या उत्तराची सजावट होते. मग एक नाही, चार याद्या: हे केलं तर फायदे, हे केलं तर धोके, नाही केलं तर फायदे, नाही केलं तर धोके. पहिली आणि चौथी सारखीच येणार असं वाटतं, पण येत नाही. वजन कुठे पडतं ते बघायचं. मोजायच्या नाहीत ओळी. त्यानंतर तीन कल्पना: ओळखपाळख नसलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, मरणाच्या वेळी कुठला निर्णय घेतलेला आवडेल, आणि देवासमोर हिशोब देताना. शेवटी जे ठरेल ते प्रार्थनेत देवापुढे ठेवायचं आणि त्यावर शिक्कामोर्तब मागायचं. हा शेवटचा भाग लोक गाळतात, कारण ठरलं की सुटल्यासारखं होतं.

वेळ असेल तर एक उपयोगी जोड: तीन दिवस 'होकार दिलाय' असं धरून वावरायचं, पुढचे तीन 'नकार दिलाय' असं धरून. कोणाला सांगायचं नाही. रोज रात्री उजळणीत नोंद.

उंबरठा

शेवटची शंका. घुमाऱ्यात, म्हणजे भारावलेल्या अवस्थेत, आधीच नवस बोलून गेलेलं असेल तर? मोडला तर पाप, पाळावा तर झेपत नाही.

तिसराप्रहर

इग्नेशियसने मार्गदर्शकाला आधीच बजावून ठेवलंय: साधक फार उत्साहात दिसला तर त्याला घाईने कुठलंही वचन किंवा व्रत घेऊ देऊ नका. स्वभावाने चंचल असेल तर अधिकच. कॅथलिक नियमात व्रत विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने घेतलेलं असावं लागतं. गंभीर, अन्याय्य भीतीपोटी किंवा फसवणुकीतून घेतलं असेल तर ते मुळातच रद्द. बाकी खाजगी व्रतातून योग्य कारण असेल तर धर्मगुरू मोकळीक देऊ शकतात, किंवा कमी भाराचं दुसरं काम ठरवून देतात. स्वतःच्या स्वतः मोडू नका, जाऊन विचारा. पाच मिनिटांचं काम असतं.

मुसाफिर

आमच्याकडे नज्र (नवस) न झेपल्यास तिचा कफ्फारा (प्रायश्चित्त) मोडलेल्या शपथेच्या कफ्फाऱ्यासारखाच: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, आणि ऐपत नसेल तर तीन रोजे. पाप करण्याची नज्र मात्र पाळायचीच नसते. कुठल्या नज्रला काय लागू होतं ते जाणत्या आलिमला (धर्मपंडिताला) शब्द जसेच्या तसे सांगून विचारा. तेव्हा नेमकं काय बोललो होतो यावर बरंच अवलंबून असतं.

उंबरठा

शब्द जसेच्या तसे... म्हणजे पुन्हा वहीच. घेते.